घालणारी सुई आणि काढणारी सुई

माझ्या वडिलांचा देवावर विश्वास नव्हता, भुताखेतांवर नव्हता, अंगात येणाऱ्यांवर नव्हता आणि शेजाऱ्यांवर तर मुळीच नव्हता. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, इंजेक्शनच्या सुईवर. गोळी त्यांना कमी दर्जाची वाटायची. पातळ औषध म्हणजे लहान पोरांची समजूत काढायचा प्रकार. जो डॉक्टर सुई देत नाही तो डॉक्टरच नाही, हे त्यांचं शास्त्र होतं. आणि शास्त्र हा शब्द ते असा उच्चारायचे, की समोरच्याने उभं राहून ऐकावं.

छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते तिशीला आले होते. घरी परतल्यावर घरातले देव नदीत सोडले, आजोबांचा मांत्रिक मित्र दारातून परत पाठवला, आणि तिथून पुढे सगळं आयुष्य गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावाला विज्ञान शिकवण्यात घालवलं. प्राथमिक शाळेत मास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. ऐंशी साल उलटून गेल्यावर ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मी शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. घरात दोन मास्तर आणि ऐकणारी एकटी आई, अशी आमच्या घराची रचना होती.

निवृत्तीनंतर बाबांकडे एकच काम उरलं होतं, संध्याकाळी विहारात वंदना घेणं. आमचा विहार म्हणजे टिनाचं छप्पर असलेली एक खोली, खाली उघडी फरशी, पुढे मूर्ती. बाबा सगळ्यांच्या पुढे बसत. गुडघे टेकायचे, टाचांवर बसायचं, दोन्ही तळवे आणि कपाळ जमिनीला लावायचं, असा पंचांग प्रणाम ते तीनदा करीत, खाली चटई न घेता. त्यांच्या मते चटई घेणारा माणूस आळशी होता. नुसते कमरेतून वाकणारेही काही होते, त्यांना बाबा ‘हाफ तिकीट’ म्हणत. वर्षानुवर्षं रोज उघड्या फरशीवर गुडघे आपटून गुडघा काय म्हणत असेल, हा विचार विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधी आला नाही.

मग त्यांचा उजवा गुडघा सुजला. त्यांनी ते लपवून ठेवलं. धोतर नेसणाऱ्या माणसाला गुडघा लपवणं सोपं असतं. आईला संशय आला तो त्यांच्या बसण्यावरून. जेवायला बसताना ते भिंतीला धरून बसायला लागले आणि उजवा पाय पाटाच्या बाहेर लांब ठेवायला लागले. एक दिवस ती सरळ त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, “दाखवा बरं.” दाखवला. गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना ज्या खळ्या असतात त्या भरून गेल्या होत्या. वाटीच्या वरचा भागही फुगला होता. दुसऱ्या गुडघ्याशेजारी तो कुणा परक्या माणसाचा वाटत होता. लाल नव्हता, फार गरमही नव्हता, नुसता भरलेला. बाबा म्हणाले, “थोडा गॅस झाला असन.” गुडघ्यात गॅस होतो असं त्यांच्या कुठल्या पुस्तकात होतं ते मी विचारलं, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडे आत्याबाई होत्या. बाबांची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहायची. तिने आधी रुईची पानं गरम करून बांधायला सांगितली. मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक. मग बिब्बा लावायचं काढलं. तिच्या स्वतःच्या कोपरावर बिब्ब्याने उठलेल्या फोडाचा काळा डाग होता आणि तो ती बिब्बा चांगला लागू पडल्याचा पुरावा म्हणून दाखवायची. शेवटी तर तिने कमालच केली. गुडघ्यात पाणी झालं म्हणजे पाणी जास्त पिणं झालं, असा शोध लावून तिने बाबांना पाणी कमी प्यायला सांगितलं. मे महिना, आमच्याकडचं ऊन, कावळासुद्धा सावलीबाहेर येत नाही असं, आणि ही बाई भावाला म्हणते, “तू पाणी कमी पेत जाय रे, आपोआप आटन.”

बाबांनी आत्याबाईंना हाकलून दिलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे, कारण अडाणीपणा हाकलला म्हणजे शहाणपण आपोआप घरात येतं, असा त्यांचा समज होता.

खरं सांगायचं तर बाबांना गुडघ्याची चिंता नव्हतीच. चिंता होती ती विहारातल्या पुढच्या जागेची. विहार कमिटीचा अध्यक्ष बाबांचाच जुना विद्यार्थी होता. भद्रावतीच्या फॅक्टरीत नोकरीला, सुटीला गावी यायचा, आणि येताना काहीतरी नवीन घेऊन यायचा. त्या उन्हाळ्यात त्याने टेपरेकॉर्डर आणला आणि वंदनेची कॅसेट आणली. विहारात भोंग्याला जोडून सगळ्यांना ऐकवली आणि मोठ्या आदराने म्हणाला, “गुरुजी, तुमाले आता तरास होते. तुमी आरामात बसत जा, हे लावून देऊ आपण.”

“यंत्राले गुडघे असतात काय?” बाबांनी विचारलं.

“नाई जी. म्हणूनच तं दुखत नाईत.”

लोक हसले. बाबा त्या दिवशी रागारागाने तीनदा नाही, पाचदा खाली वाकले, आणि पाचव्यांदा त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ते आले, कारण तिथे सुई मिळेल असं त्यांना वाटलं.

तिथला डॉक्टर नागपूरकडून आलेला तरुण होता आणि बदलीची वाट पाहत होता. तोंडावर नेहमी एक कंटाळा. पण त्याने गुडघा नीट पाहिला हे मला सांगितलंच पाहिजे. एका हाताने वाटीच्या वरचा फुगवटा खाली दाबून धरला, दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटीवर टिचकी मारली. वाटी खाली गेली, आतल्या हाडाला लागली आणि पुन्हा वर आली. मला स्पष्ट दिसलं. वाटी तरंगत होती.

“पाणी आहे,” तो म्हणाला.

“कुठून आलं?” मी विचारलं.

“बाहेरून नाही आलं. आतच होतं. प्रत्येकाच्या गुडघ्यात थोडंसं चिकट पाणी असतं, हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून. आतलं अस्तर ते तयार करतं. त्या अस्तराला सारखा मार बसला, घासलं, सुजलं, की ते जास्त पाणी सोडतं. डोळ्यात कचरा गेला की डोळ्याला पाणी येतं ना, तसंच. पाणी हा रोग नाही. आत काहीतरी बिघडलंय, हे सांगायला ते आलेलं आहे.”

मी आजवर गुडघ्याबद्दल ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत ही पहिली गोष्ट होती जिला काही अर्थ होता. मग त्याने बाबांना सांगितलं, की थोडं पाणी सुईने ओढून बघायला हवं. स्वच्छ पिवळसर निघालं तर झीज आणि घासणं, रक्त निघालं तर आत इजा, गढूळ निघालं तर घाई करायला हवी. पाणी काढल्यावर गुडघा हलका होईल, पण कारण तसंच राहिलं तर पुन्हा भरेल. म्हणून गुडघे टेकणं बंद, उकिडवं बसणं बंद, पट्टी बांधायची, आणि पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, सोडायची. गुडघा सुजला की मांडीचं मांस लवकर वाळतं आणि मग गुडघ्याला आधार राहत नाही.

बाबांनी यातलं एकच वाक्य ऐकलं. “काढनार?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आन मंग सुई कवा देनार?”

“सुईच आहे ही. काढायची सुई.”

बाबा टेबलावरून उतरले, धोतर सारखं केलं आणि बाहेर आले. पायऱ्यांवर मला म्हणाले, “कायचा डॉक्टर हाये हा. आंगातलं हाये ते काढून घेते, आन देत काईच नाई. वंगन काढून घेतलं तं चाक चालते काय?”

मी त्यांना म्हटलं, की वंगण जास्त झालं म्हणूनच ते काढायचं आहे. ते म्हणाले, “तुले काय समजते त्यातलं.” मला निदान नुकतंच समजावून सांगितलेलं तरी समजलं होतं, पण हे बोलायची सोय नव्हती. त्या माणसाने आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले होते. उत्तर ऐकून घ्यायची सवयच नव्हती.

आता बाजारातल्या सुईवाल्याकडे येते. तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरायचा, तिथे कडुलिंबाखाली टेबल टाकून एक माणूस बसायचा. पूर्वी कुठल्याशा डॉक्टरकडे कंपाऊंडर होता म्हणे. पांढरा शर्ट, गळ्यात नळी, स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज आणि दोनतीन सुया. पुढे बायाबापड्यांची रांग, एका हातात वांग्यांची पिशवी, दुसरा हात सुईसाठी उघडा. तापाला सुई, खोकल्याला सुई, कंबरेला सुई, मूल होत नाही त्याला सुई. एकीला टोचली की डब्यातल्या पाण्यात सुई बुचकळायची, दुसरीला टोचायची. पाणी सकाळी कधीतरी उकळलेलं असायचं. लोक म्हणत, “त्याची सुई पावते.” देव पावतो तशी. आणि ज्याने घरातले देव नदीत सोडले तो माझा बाप त्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मी शाळेत होते, मला नंतर कळलं. सुईवाल्याने म्हणे गुडघा पाहिलासुद्धा नाही. बाटली हलवली, पांढरं औषध भरलं आणि वाटीच्या बाजूने आत घातलं; ते नुसतं सूज दाबणारं औषध असतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. दोन दिवसांत सूज ओसरली. बाबांनी विहारात पुढे बसून तिन्ही प्रणाम पूर्ण केले, एकाही माणसाने न उठवता उभे राहिले आणि अध्यक्षाला म्हणाले, “ठेव ते पेटी घरी.”

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात राहणं कठीण झालं होतं. बाबा दिसेल त्याला गुडघा वाकवून दाखवत. “शास्त्र हाये हे,” म्हणत. सरकारी डॉक्टरची नक्कल करत, डोळ्यात कचरा आणि डोळ्याला पाणी. ज्यांना काही झालं नव्हतं अशाही लोकांना त्यांनी कडुलिंबाखाली पाठवलं. गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर लोक गेले. आमचं गाव मांत्रिकाचं ऐकत नाही याचा बाबांना अभिमान होता, पण गाव आता त्यांचं ऐकत होतं आणि ते स्वतः सुईचं ऐकत होते, एवढाच काय तो फरक पडला होता.

गुडघा पुन्हा भरला, अर्थातच. रोज फरशीवर आपटल्यावर दुसरं काय होणार? बाबा पुन्हा बाजारात गेले. पुन्हा ओसरला, पुन्हा भरला, पुन्हा गेले. प्रत्येक वेळी मधले दिवस कमी होत गेले. मी भांडले. आधीच भरलेल्या गुडघ्यात हा माणूस आणखी भरून घेत होता, आणि ज्याने रिकामा करून देतो म्हटलं त्याला मूर्ख म्हणत होता. आई म्हणायची, “जाऊ दे, त्याइले बरं वाटते ना.” त्या वेळी मला आईचाही संताप यायचा.

पावसाळ्याच्या शेवटी, शेवटच्या सुईनंतर तीन-चार दिवसांनी, त्यांना थंडी वाजून ताप भरला. गुडघा लाल झाला, हात लावला तर चटका बसावा इतका गरम. पाय इंचभर हलवला तरी ते ओरडत, आणि माझे वडील ओरडणाऱ्यातले नव्हते. आत्याबाई बिब्बा घेऊन आल्या, त्यांना मी दारातच थांबवलं. अध्यक्ष त्या दिवशी गावात होता. त्याने जीप आणली आणि आम्ही त्यांना थेट चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कुणी काही विचारत बसलं नाही. सुई घातली, आणि जे निघालं ते पाणी नव्हतं. पू होता, दाट, हिरवट.

त्यांनी गुडघा उघडून धुतला. किती दिवस नळ्या आणि बाटल्या चालल्या ते आता आठवत नाही. पाय वाचला. पण आतल्या हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो तो पुवाने खाऊन टाकला होता. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा सरळ तो सरळच राहिला. तिथले मोठे डॉक्टर खाटेशी येऊन बाबांना स्पष्ट म्हणाले, “घाणेरडी सुई सांध्यात घातली, तिच्यातून जंतू आत गेले. आधीच पाणी काढून पाहिलं असतं आणि नीट इलाज केला असता तर तुम्ही आज मांडी घालून बसला असता.” मी खाटेच्या या बाजूला उभी होते. बाबांनी ते ऐकलं. ऐकल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

गावात आल्यावर जे झालं ते मला आजही सहज लिहिता येत नाही. लोक भेटायला आले. कुणीतरी विचारलं, “गुरुजी, कसं काय झालं असं?” आणि बाबा म्हणाले, “चंद्रपूरवाल्याइनं पानी काढलं ना. गुडघा वाळून गेला.”

मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते दुसऱ्याला तेच म्हणाले, तिसऱ्यालाही. पुढे तर गोष्ट चांगली घोटून तयार झाली. पाणी काढलं, वंगण गेलं, हाडाला हाड चिकटलं. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मला कारण कळत होतं. अर्ध्या गावाला कडुलिंबाखाली त्यांनीच पाठवलं होतं. आपण बाजारात फसलो, पावणाऱ्या सुईला हात जोडले, हे कबूल करायचं म्हणजे गुरुजीपणच सोडायचं. गुडघा तर गेलाच होता, आता शहाण्या माणसाची जागा तरी राहावी, म्हणून हे सगळं चाललं होतं. सुईवाला तोवर बाजारातून दिसेनासा झाला होता. सिरोंच्याकडे गेला असं लोक म्हणत. तिकडच्या लोकांचं भलं होवो.

विहारातली पुढची जागा मात्र गेली. अध्यक्षाने शाळेतून खुर्ची आणली होती, मनापासून आणली होती. पण खुर्चीवर बसलं की बाबांचा पाय ताठ सरळ मूर्तीकडे व्हायचा, आणि ते त्यांना सहन होईना. ते मागे दाराजवळ उभे राहू लागले. पुढे टेपरेकॉर्डर बसला. उन्हाळ्यात फीत ढिली पडली आणि वंदना पेंगुळल्या आवाजात रेंगाळू लागली, तरी लोक तिच्यामागे तसंच रेंगाळत म्हणायचे. त्यातल्या कुणालाही ती बंद करावी असं वाटलं नाही. मला या सगळ्यांची कीव आली, आणि बाबा मागे उभं राहून खालच्या आवाजात बरोबर चालीत म्हणत, ते ऐकून सगळ्यात जास्त राग आला.

त्यानंतरच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई आमच्या बांधीतल्या चिखलात घसरली. पाय मुरगळला, गुडघा सुजला. बाईमाणूस म्हणून तिने चार दिवस तसंच ओढलं. मग सूज इतकी वाढली की चूल पेटवायला बसता येईना. मी पाहिलं, तर त्याच दोन खळ्या भरलेल्या, वर तोच फुगवटा. मी टिचकी मारून पाहिली. वाटी तरंगत होती.

“दवाखान्यात चल,” मी म्हटलं. “पाणी काढून देतील.”

“नोको बाई. पानी काढून तुह्या बापाचा पाय गेला, पाह्यलं ना.”

मी बाबांकडे गेले. ते ओट्यावर काठी टेकून उभे होते. मी म्हटलं, “तिला खरं काय ते सांगा.” ते म्हणाले, “म्या कुठी तिले अडवून राह्यलो? जावं ना तिनं.” मी म्हटलं, “तुमचं ऐकून ती जात नाही.” ते काठी टेकत ओट्यावरून उतरले. मी शाळेत जाई, परत येई, आई भिंत धरून चालताना दिसे. आत्याबाईंनी एव्हाना रुईची पानं सुरू केली होती. तिची मांडी एका बाजूने बारीक झालेली मला लुगड्यावरूनही दिसायला लागली. बाबांनाही दिसत असणार, कारण ती त्यांच्यासमोरून जायची. मला माझ्या जन्मदात्या बापाचा इतका तिटकारा आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

शेवटी एका सकाळी मी दोघांनाही एसटीत घातलं. आईला सांगितलं, नुसतं दाखवून येऊ. बाबांना काहीच सांगितलं नाही. ते का आले, मला माहीत नाही.

सरकारी डॉक्टर तोच होता. त्याची बदली अजून झाली नव्हती आणि कंटाळा वाढला होता. त्याने आईचा गुडघा पाहिला, टिचकी मारली आणि नर्सला सुई तयार करायला सांगितलं. सुई दिसताच आईने लुगडं गुडघ्यावरून खाली ओढलं.

“नाई जी. काढू नोका. गुरुजीचा पाय असाच गेला.”

डॉक्टरने बाबांच्या ताठ पायाकडे पाहिलं. चंद्रपूरला काय झालं ते त्याला कळलेलं होतं, तिथून आल्यावर बाबांची पट्टी इथेच तर बदलली जायची. त्याने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच सांगा.”

खोलीत आमच्या गावचे चारपाच लोक रांगेत होते. त्यातली एक बाई बाबांच्याच सांगण्यावरून कडुलिंबाखाली जाऊन आलेली होती. सगळे गुरुजींकडे पाहत होते, गुरुजी काहीतरी शास्त्राचं सांगतील म्हणून. बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता पुन्हा वंगण आणि चाक. मी तोंड उघडलंच होतं.

“काढू दे,” बाबा आईला म्हणाले.

“काऊन? तुमीच तं सांगतलं का पानी काढून...”

“म्या खोटं सांगतलं.”

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली.

“पानी काढून नाई गेला माहा पाय,” बाबा म्हणाले. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. “बजारातल्या सुईनं गेला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. हा डॉक्टर पयलेपासून बरोबर सांगून राह्यला होता. मी नाई आयकलं. तुहा पाय नोको जाऊ देऊ.”

या वाक्याची मी वर्षभर वाट पाहिली होती. ते आल्यावर काय काय सुनवायचं तेही मनात तयार होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. कडुलिंबाखाली जाऊन आलेली बाई आपला दंड चाचपत होती. आईने लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि पाय लांब केला.

डॉक्टरने गुडघा नीट पुसला, बाजूने सुई घातली आणि दट्ट्या हळूहळू मागे ओढला. सिरिंज भरली. पिवळसर, पातळ, आरपार दिसणारं पाणी. त्याने ती खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाला, “स्वच्छ आहे.” फुगवटा आमच्या डोळ्यांदेखत बसला. खळ्या परत दिसल्या. पट्टी बांधून होईपर्यंत आईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

बाबा इतका वेळ सिरिंजकडेच पाहत होते. “एवढंच होतं काय?” त्यांनी विचारलं.

“एवढंच होतं,” डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

गाडीला वेळ होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही डबा सोडला. आई पट्टी बांधलेला पाय लांब करून, दुसरा मुडपून, भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. खुर्ची तिथे नव्हती, बाकही नव्हता, आणि खाली बसणं बाबांना आता या जन्मात जमणार नव्हतं. आईने भात-वरण कालवून ताटली वर केली. बाबांनी ती घेतली आणि खांबाला पाठ लावून उभ्यानेच जेवले.